जुना अँटिव्हायरस काढताना ओव्या हरवू नयेत म्हणून

वाचकाचं पत्र

"नमस्कार. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, वाईला राहते. घरी सात वर्षांपूर्वी घेतलेला कॉम्प्युटर आहे. विंडोज १० आणि चार जीबी रॅम, असं बिलावर लिहिलंय. सासूबाई जात्यावर म्हणायच्या त्या ओव्या मी त्यात टाइप करून ठेवल्या आहेत. शिवाय पेन्शनचे कागद, महिला मंडळाचा हिशोब आणि नातवंडांचे फोटो आहेत. ओव्या आणि पेन्शनचे कागद मी अँटिव्हायरसमध्येच जी तिजोरी असते तिच्यात पासवर्ड घालून ठेवलेत. बँकेचे पासवर्डही त्यातच आहेत.

या अँटिव्हायरसची मुदत पुढच्या महिन्यात संपते. गेलं वर्षभर पडद्याच्या कोपऱ्यात 'हे घ्या, ते घ्या, धोका आहे' अशा चौकटी सारख्या येतात, त्याचा मला कंटाळा आलाय. पुतण्याने वाढदिवसाला दुसऱ्या कंपनीचा डबा आणून दिला. कॉम्प्युटरवाला म्हणतो, 'जुना राहू द्या, नवा वरून टाकून देतो, डबल प्रोटेक्शन होईल.' पुण्याची लेक म्हणते, 'आई, काही विकत घेऊ नकोस, विंडोजमधला पुरेसा आहे.' तिघांची तीन मतं. मी कुणाचं ऐकू?"

– एक निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर

नमस्कार बाई,

लेकीचं ऐका. पण तिचं ऐकून आज लगेच जुना अँटिव्हायरस काढायला घेऊ नका. तुमच्या पत्रात मला सगळ्यात काळजी वाटली ती तिजोरीची. कुठला अँटिव्हायरस चांगला, हे ठरवायला तुमच्याकडे महिनाभर आहे. तिजोरीचं काम मात्र याच आठवड्यात करून टाका.

ही तिजोरी अँटिव्हायरसचाच भाग असते. तिच्यात ठेवलेल्या फाइली त्या प्रोग्रामने स्वतःच्या कुलपाने बंद केलेल्या असतात. बाहेरून बघाल तर ती एकच मोठी, कशानेही न उघडणारी फाइल दिसते. उद्या कुणी तो अँटिव्हायरस काढून टाकला, तर ती फाइल कदाचित डिस्कवर राहील, पण उघडणार कशाने? काही वेळा काढणारा प्रोग्राम "जुन्या सेटिंग्जही पुसू का?" असं विचारतो, माणूस "हो" म्हणतो आणि त्याबरोबर तिजोरीही जाते. म्हणून मुदत चालू आहे, प्रोग्राम धड चालतोय, पासवर्ड तुम्हाला आठवतोय, तोवरच हे करा.

तिजोरी उघडा, आतल्या फाइली कॉपी करा आणि डॉक्युमेंट्समध्ये नवं फोल्डर करून त्यात ठेवा. मग अँटिव्हायरसची खिडकी बंद करून त्या नव्या फोल्डरमधून एकेक फाइल उघडून बघा. नुसतं नाव दिसतंय म्हणून समाधान मानू नका, शेवटच्या पानापर्यंत जा. ओव्या जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केल्या असतील, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडल्या की भलतीच अक्षरं दिसत असतील, तर तो फाँटही कॉपी करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. युनिकोडमध्ये असतील तर ती काळजी नाही. हे सगळं झालं की एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या, पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा आणि दुसरी प्रत लेकीला पाठवा. पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून ठेवला तर त्याचा उपयोग निम्म्यावर येतो, कारण फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारं रॅन्समवेअर घुसलं तर ते लावलेल्या पेन ड्राइव्हवरच्या फाइलीही सोडत नाही.

सासूबाईंच्या तोंडच्या ओव्या तुम्ही लिहून ठेवल्यात, हे मोठं काम आहे. त्या परत कुठून मिळणार नाहीत. अँटिव्हायरस बाजारात हवा तेव्हा मिळतो. म्हणून हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

पासवर्डांचंही तसंच. प्रोग्राममध्ये "एक्सपोर्ट" म्हणून सोय असते, तिने सगळे पासवर्ड एका साध्या फाइलमध्ये उतरवून मिळतात. पण ती फाइल कुणालाही वाचता येते, आणि ती डाउनलोड्समध्ये विसरून जाणारे खूप जण मी पाहिलेत. तुमचे पासवर्ड मोजके असतील, तर मी सांगेन की सरळ वहीत लिहा आणि वही दागिन्यांबरोबर ठेवा. घरातल्या कपाटातली वही परदेशात बसलेल्या चोराला उघडता येत नाही. खूप असतील तर एक्सपोर्ट करून ब्राउझरच्या पासवर्ड साठ्यात घ्या, मग ती फाइल पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा.

एक जागा आणखी बघायची, ती म्हणजे क्वारंटाइन. पकडलेल्या संशयित फाइली अँटिव्हायरस तिथे कोंडून ठेवतो. यादीवर नजर टाका. त्यात तुमच्या ओळखीचं काही निघालं, उदाहरणार्थ मराठी टायपिंगचा जुना प्रोग्राम, तर लेकीला दाखवून मगच सोडवा. अनोळखी नावं असतील तर राहू द्या, प्रोग्रामबरोबर जातील.

आता कॉम्प्युटरवाल्याच्या "डबल प्रोटेक्शन"कडे येते. त्याचा हेतू वाईट नसेल, पण सल्ला चुकीचा आहे आणि चार जीबी रॅमच्या कॉम्प्युटरवर तर फारच त्रासाचा.

तुम्ही ओव्यांच्या फाइलवर दोनदा क्लिक करता, तेव्हा ती वर्डमध्ये उघडण्याआधी विंडोज थांबतं आणि अँटिव्हायरसला विचारतं, ही सोडू का? तो तपासतो, "हो" म्हणतो, मग फाइल उघडते. दोन अँटिव्हायरस असले की दोघांना विचारलं जातं. पहिल्याने तपासायला फाइल उघडली की ते उघडणं दुसऱ्याला दिसतं आणि तोही तिच्यामागे लागतो. तुम्ही मात्र पडद्यावर फिरणारं चक्र बघत बसता. त्यात प्रत्येकाकडे व्हायरस ओळखण्याच्या खुणांचा साठा असतो आणि पकडलेल्या फाइलींची कोठडी असते. हा साठा किंवा ही कोठडीच दुसऱ्याला व्हायरस वाटू शकते. मग एक दुसऱ्याच्या फाइली पकडतो, दुसरा त्या परत आणतो, आणि खरोखरचा व्हायरस आला तर त्याला कुणी धरायचं यात दोघेही अडकून पडण्याची शक्यता असते. दोन वैद्यांची औषधं एकमेकांना न सांगता एकदम घेतल्यावर होतं तेच. हल्ली बऱ्याच कंपन्यांचे प्रोग्राम बसवतानाच "आधीचा काढा" म्हणून अडून बसतात, ते याचसाठी.

हे प्रोग्राम किती खोलवर शिरलेले असतात, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवरही काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो व्हायरस नव्हता, रक्षण करणाऱ्याचीच चूक होती. म्हणून असा प्रोग्राम बसवणं आणि काढणं, दोन्ही बेताने करावं.

यात डिफेंडर, म्हणजे लेक म्हणते तो विंडोजमधलाच अँटिव्हायरस, तेवढा अपवाद. तुम्ही बाहेरचा अँटिव्हायरस बसवलात की तो आपणहून बाजूला होतो आणि बाहेरचा गेला की परत कामाला लागतो. म्हणून जुना काढला आणि नवा घालायला दोन दिवस लागले, तरी मधल्या काळात कॉम्प्युटर उघडा पडत नाही. या भीतीपोटीच बरेच जण जुना असतानाच नवा चढवतात.

काढायचं कसं, ते सांगते. लेक सुट्टीला आली की तिला शेजारी बसवून करा, घाईचं काम नाही. त्याआधी एक गोष्ट बघून ठेवायला सांगा. काही कॉम्प्युटरवर डिस्क कुलूपबंद केलेली असते, बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने. अशा कॉम्प्युटरची सुरुवात वेगळ्या पद्धतीने करायची वेळ आली तर तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. असेल तर कागदावर उतरवून घ्या.

मग सेटिंग्जमध्ये जा, ॲप्समध्ये जा, यादीत जुन्या अँटिव्हायरसचं नाव शोधा आणि अनइन्स्टॉल करा. तो जाताना विनवण्या करेल, "निम्म्या किमतीत देतो" म्हणेल, "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात येईल" म्हणेल. शांतपणे पुढे जा. त्याच कंपनीची व्हीपीएन, क्लीनर, ब्राउझर अशी भावंडं यादीत असतील तर तीही एकेक करून काढा. शेवटी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. इथे शट डाउन करून पुन्हा चालू केलं तर चालेल असं वाटतं, पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय चालू असते. शट डाउन करताना ती आतल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते, त्यामुळे काढलेल्या प्रोग्रामचे तुकडे मागे राहू शकतात. रीस्टार्ट केल्यावर सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

आता स्टार्टमध्ये "विंडोज सिक्युरिटी" शोधा, ते उघडा आणि "व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन" वर जा. तिथे मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचं नाव आणि हिरवी खूण दिसली, तर काम झालं. जुन्याच कंपनीचं नाव अजून दिसत असेल, तर त्याचे अवशेष शिल्लक आहेत. अशा वेळी त्या कंपनीचं स्वतःचं सफाईचं साधन वापरायचं. नॉर्टन, मॅकॅफी, अवास्ट, कॅस्परस्की, ईसेट, बिटडिफेंडर अशा बहुतेक मोठ्या कंपन्या ते फुकट देतात. त्यातली काही साधनं सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज अगदी मोजक्या गोष्टींसह सुरू करून, चालवावी लागतात. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं की त्याची वाट मिळते, आणि वर सांगितलेली ४८ आकडी की लागलीच तर इथेच लागते. ते साधन कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच घ्या. गुगलवर शोधलं की सगळ्यात वर जाहिराती येतात आणि त्यात बनावट "रिमूव्हल टूल" विकणारे बसलेले असतात.

काढल्यावर इंटरनेट बंद पडलं तर घाबरू नका. अँटिव्हायरस इंटरनेटच्या वाटेवरही आपली गाळणी बसवतो आणि ती अर्धवट निघाली की वाट अडते. सफाईचं साधन चालवल्यावर बहुधा सुटतं. नाहीच सुटलं तर नेटवर्क सेटिंग्जमध्ये "नेटवर्क रीसेट" आहे. त्याने वायफायचा पासवर्ड पुसला जातो, म्हणून तो आधी लिहून ठेवा. ब्राउझरमध्ये जुन्या अँटिव्हायरसचं एक्स्टेन्शन राहिलेलं असतं, तेही काढून टाका.

आता मुख्य प्रश्न. डिफेंडर पुरेसा का?

तुमच्या वापराला पुरेसा आहे. पूर्वी तसं नव्हतं, आणि "फुकटात मिळतं त्यात काय दम असणार" हे मत त्या काळातलं आहे. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून पूर्ण अँटिव्हायरस विंडोजच्या आतच असतो. आज जर्मनीतल्या माग्डेबुर्गची एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज या दोन स्वतंत्र प्रयोगशाळा घरगुती अँटिव्हायरसच्या नियमित चाचण्या घेतात, आणि डिफेंडर त्यांत विकतच्यांच्या बरोबरीने उतरतो. चौकटी दाखवून काही विकत नाही, मुदत संपत नाही आणि विंडोजच्या अपडेटबरोबर स्वतःही ताजा होतो.

विकतचा कुणी घ्यावा? घरात लहान मुलं आहेत आणि त्यांच्या इंटरनेटवर लक्ष ठेवायचंय, किंवा अडचण आली की फोन करून विचारायला माणूस हवाय, त्यांनी घ्यावा. यात आपल्याकडच्या कंपन्या आहेत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे भाऊ संजय काटकर यांनी १९९०च्या दशकात उभी केलेली क्विक हील आहे, चेन्नईची के-सेव्हन आहे, मुंबईच्या मायक्रोवर्ल्डचा ई-स्कॅन आहे. घेण्याआधी एकदा त्यांच्या मदत क्रमांकावर फोन करून बघा, कोण उचलतं आणि आपल्या भाषेत बोलतं का. तो खर्च तुम्ही मुख्यतः त्या माणसासाठी करणार असता.

बाहेरचा फुकट अँटिव्हायरस मात्र मी सुचवणार नाही. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांची ब्राउझिंगची माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जम्पशॉट २०२० सालीच बंद झाली होती, पण माहिती तर गेली ती गेलीच. आणि एकाला कंटाळून दुसऱ्याकडे जायचं तर मालक कोण ते बघा. नॉर्टन, अवास्ट, एव्हीजी आणि अविरा ही चारही नावं आज जेन डिजिटल या एकाच कंपनीची आहेत. डबा बदलतो, घर तेच राहतं.

अमेरिकेत नातेवाईक असतील तर त्यांच्यासाठीही एक निरोप. तिथल्या सरकारने २०२४ मध्ये कॅस्परस्कीच्या विक्रीवर आणि मग अपडेटवर बंदी आणली. त्या सप्टेंबरात तिथल्या बऱ्याच ग्राहकांच्या कॉम्प्युटरवरून कॅस्परस्की जाऊन त्या जागी अल्ट्राएव्ही नावाचा प्रोग्राम आपोआप आला. कुणाकडे तो अजून न मागता बसलेला असेल, तर वर सांगितलेल्या पद्धतीनेच काढता येतो.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण जी मला अँटिव्हायरसपेक्षा मोठी वाटते, ती म्हणजे विंडोज १०. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे त्यानंतर त्यात सापडणारी भोकं मायक्रोसॉफ्ट आपणहून बुजवत नाही. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळण्याची सोय आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो, मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. तुम्ही नोंदणी केली नसेल, तर लेकीकडून आधी ते करून घ्या.

अँटिव्हायरस असताना याची गरज काय, असं वाटेल. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरलं. ब्रिटनमधल्या अनेक रुग्णालयांचं काम विस्कळीत झालं आणि दीडशेच्या आसपास देशांत लाखो कॉम्प्युटर अडकले. ते विंडोजमधल्या ज्या भोकातून शिरलं, ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी दिलं होतं. ज्यांनी घेतलं त्यांच्याकडे ते नेटवर्कमधून आपोआप शिरू शकलं नाही. कुणीही काही क्लिक न करता एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर जाणारा तो किडा होता. अशा वेळी विंडोज ताजं असणं आधी कामाला येतं.

पुढे काय? सात वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढेलच असं नाही. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" हे साधन चालवलं की उत्तर मिळतं. चढत असलं तरी चार जीबी रॅमवर ते कण्हतच चालतं. रॅम आठ जीबी करा, आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क टाका. दरवर्षी अँटिव्हायरसला जाणारे पैसे मी तुमच्या जागी इकडे वळवले असते.

पुतण्याच्या डब्याचं काय करायचं? फोडू नका. साधारणपणे असल्या लायसन्सचे दिवस तुम्ही क्रमांक टाकून ते सुरू करता तेव्हापासून मोजले जातात, म्हणून न फोडलेला डबा त्याला किंवा आणखी कुणाला वापरता येईल. त्याने प्रेमाने दिलाय आणि तुम्हाला तोच वापरायचा असेल, तरी हरकत नाही, तो वाईट आहे असं मी म्हणत नाही. फक्त जुना पूर्ण निघाल्यावर बसवा. डब्यातली सीडी लावू नका, तीवरची आवृत्ती जुनी असू शकते. कंपनीच्या वेबसाइटवरून ताजा प्रोग्राम उतरवा आणि डब्यातला क्रमांक तिथे टाका. बसवताना "ब्राउझर बदलू का", "क्लीनरही देऊ का" अशा खुणा आधीच केलेल्या असतात, त्या काढा. नव्या तिजोरीत मात्र काही ठेवू नका.

डिफेंडर ठेवा की डब्यातला, चालतोय का ते तपासायची एक सुरक्षित रीत आहे. आयकार नावाची ६८ अक्षरांची एक मजकुराची फाइल आयकार संस्थेच्या वेबसाइटवर मिळते. ती कुणालाही इजा करत नाही. जगभरातल्या अँटिव्हायरस कंपन्यांनी ठरवलंय, की ही दिसली की व्हायरस सापडल्यासारखं ओरडायचं. डाउनलोड केल्यावर लगेच चौकट आली आणि फाइल गायब झाली, तर पहारा जागा आहे. डिफेंडरच ठेवणार असाल तर "रॅन्समवेअर प्रोटेक्शन" मध्ये "कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस" चालू करा, तो मुळात बंद असतो. मग अनोळखी प्रोग्राम तुमच्या डॉक्युमेंट्समध्ये लुडबुड करू शकत नाही. तुमचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम त्यात अडला तर त्याला तेवढी परवानगी द्या.

आणि त्या चौकटी. बाई, वर्षभर तुम्हाला वैताग देणाऱ्या चौकटी अँटिव्हायरसच्या नसतीलही. पुढची चौकट आली की बंद करण्याआधी नीट बघा. तिच्यात बारीक अक्षरात क्रोम किंवा एज असं ब्राउझरचं नाव आणि एखाद्या वेबसाइटचा पत्ता आहे का? असेल, तर कधीतरी रेसिपी किंवा पंचांग बघताना "अलाउ" वर बोट पडलंय आणि ती वेबसाइट आता अँटिव्हायरसचं सोंग घेऊन जाहिराती दाखवतेय. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये "प्रायव्हसी अँड सिक्युरिटी", तिथे "साइट सेटिंग्ज", तिथे "नोटिफिकेशन्स" उघडा. परवानगी दिलेल्या वेबसाइटची यादी दिसेल. ओळखीची नसलेली सगळी नावं काढून टाका. एजमध्येही साइटच्या परवानग्यांत अशीच यादी असते. अँटिव्हायरस न बदलताही निम्मा त्रास इथेच जाऊ शकतो.

पैशांचं एक काम उरतं. कॉम्प्युटरवरून प्रोग्राम काढला म्हणून वर्गणी थांबत नाही. कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या खात्यात जाऊन "ऑटो रिन्यूअल" बंद करा. कार्डावर अशी आपोआप कपात असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेने किमान २४ तास आधी कळवायला हवं आणि त्या संदेशातून नकार देता येतो. यूपीआयवर असेल तर ॲपमध्ये "ऑटोपे" किंवा "मँडेट" नावाच्या जागी जाऊन ते रद्द करा. जुन्या कंपनीकडून पुष्टीचा ईमेल आला की जपून ठेवा.

मुदत संपायच्या सुमाराला तुम्हाला फोन येऊ शकतो किंवा ईमेलवर बिल येऊ शकतं, "तुमचं नूतनीकरण झालं, इतके हजार कापले, नको असेल तर या क्रमांकावर बोला." असं बिल कुणालाही, अगदी कधीच अँटिव्हायरस न घेतलेल्यालाही येतं. फोन केला की पलीकडचा माणूस फार अदबीने बोलतो आणि पैसे परत देण्यासाठी एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर उतरवायला सांगतो. ते उतरवलं की तुमचा पडदा त्याच्या हातात जातो. खरी कंपनी पैसे परत करायला कधीही तुमचा कॉम्प्युटर मागत नाही. बिल खरं आहे का ते ईमेलमधल्या क्रमांकावर न विचारता बँकेच्या पासबुकात बघा. चुकून कुणाला आत घेतलंच, तर इंटरनेटची वायर काढा किंवा राउटर बंद करा, बँकेला फोन करून नेट बँकिंग थांबवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी वेबसाइटवरही ती करता येते, पण १९३० आधी, कारण जितक्या लवकर कळवाल तितके पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त. मग सगळे पासवर्ड दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरून बदला.